कारखान्यात माणूस गेला तर: कंपनीला फौजदारी न्यायालयात उभं कसं करायचं

एमआयडीसीतल्या कारखान्यात ठेकेदाराचा कामगार टाकी साफ करायला आत उतरतो आणि गुदमरतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. फार तर सुपरवायझरवर गुन्हा दाखल होतो आणि त्याला लगेच जामीन मिळतो. कंपनीचा माणूस घरी येऊन धनादेश देतो, कागदांवर सह्या घेतो. पुढे काही वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा साक्षीदार दुसऱ्या राज्यात गेलेले असतात आणि ती टाकीही भंगारात गेलेली असते.

हा लेख मृताच्या वारसांसाठी, युनियनच्या प्रतिनिधींसाठी आणि अशा वेळी धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आपला कायदा अपुरा आहे, हे खरं. पण आहे तेवढाही पूर्ण वापरला जात नाही, कारण तपास मृत्यूच्या क्षणापाशीच थांबतो. त्याआधीच्या महिन्यांत धोका कोणाला माहीत होता, दुरुस्ती कोणी मागितली होती आणि खर्च कोणी अडवला, इथपर्यंत तपास नेला तरच कंपनी आणि तिचे वरचे अधिकारी आरोपी होतात. पुढचं सगळं त्यासाठी आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकील हवाच, पण वकील मिळेपर्यंतचे दिवस सगळ्यांत मोलाचे असतात.

कायद्यात काय आहे, थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६(१), शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच ३०४-अ होतं आणि शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती. मृत्यू होण्याची शक्यता आहे हे माहीत असूनही कृत्य केलं असेल तर सदोष मनुष्यवध, कलम १०५, दहा वर्षांपर्यंत. जखमींसाठी कलम १२५. विषारी पदार्थ, आग, स्फोटक पदार्थ, यंत्रसामग्री आणि इमारत यांबाबतच्या हयगयीसाठी २८६ ते २९०. अपघात १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर जुनी दंड संहिताच लागते.

कंपनी आरोपी होऊ शकते का, हा प्रश्न पोलीस ठाण्यातही विचारला जातो. होऊ शकते. न्याय संहितेतल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत कंपनीचा समावेश आहे. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही, मग कैद सक्तीची असलेल्या गुन्ह्यात खटला कसा चालवायचा, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: खटला चालेल आणि कंपनीला दंड होईल. पुढे इरिडियम विरुद्ध मोटोरोला प्रकरणात न्यायालयाने मान्य केलं की कंपनीचा कारभार प्रत्यक्ष हाकणाऱ्यांची मनोवृत्ती हीच कंपनीची मनोवृत्ती धरता येते. पोलीस अधिकारी ‘कंपनीवर गुन्हा होत नाही’ म्हणाला तर हे दोन निकाल त्याला दाखवा.

संचालकांचं गणित वेगळं आहे. केवळ संचालक आहे म्हणून कोणी न्याय संहितेखाली दोषी ठरत नाही. सुनील भारती मित्तल प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं: एकतर त्या माणसाचा स्वतःचा सक्रिय सहभाग दिसला पाहिजे, नाहीतर संबंधित कायद्यानेच त्याला जबाबदार धरलेलं असलं पाहिजे. म्हणून ‘सर्व संचालक’ अशी मोघम फिर्याद टिकत नाही, आणि म्हणूनच कारखान्यांच्या सुरक्षा कायद्याचं महत्त्व वाढतं. त्याकडे पुढे येतोच.

पहिले दोन-तीन दिवस

घरचे लोक दवाखान्यात आणि शवागाराबाहेर असतात, शुद्धीवर नसतात. त्यामुळे ही कामं कुटुंबाबाहेरच्या एका-दोघांनी अंगावर घ्यावीत.

अकस्मात मृत्यूच्या नोंदीनंतर पोलीस मृतदेहाचा पंचनामा करतात. कारखान्यातल्या जागेचा पंचनामा वेगळा. दोन्ही वेळी तुमचा माणूस हजर राहू द्या, आणि पंच कंपनीच्याच पगारावरचे नाहीत ना, ते बघा. जागेच्या पंचनाम्यात यंत्राचा गार्ड होता की काढलेला होता, इंटरलॉक (गार्ड उघडा असताना यंत्र चालू होऊ न देणारी सोय) बायपास केला होता का, टाकीपाशी पंखा, दोर, पट्टा, वायू मोजायचं यंत्र होतं का, बाहेर जायचा दरवाजा उघडत होता का, हे सगळं लिहिलं गेलं पाहिजे. काय नव्हतं, हेही लिहायला लावा. नंतर कंपनी नवं साहित्य आणून ठेवते आणि ‘होतंच’ म्हणते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. ते झालं का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा.

वायूने किंवा रसायनाने मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाआधीच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की रक्त आणि व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि टाकीतल्या गाळाचे व हवेचे नमुने घ्यावेत. हे राहिलं तर पुढे ‘हृदयविकाराने गेला’ असा बचाव उभा राहतो.

त्याच दिवशी दुसरा अर्ज सीसीटीव्हीसाठी. कॅमेऱ्यांचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. डीव्हीआर, कंट्रोल रूमच्या संगणकातल्या नोंदी, गेटवरचं रजिस्टर, त्या पाळीचं मस्टर, वर्क परमिटचं (धोक्याच्या कामाच्या लेखी परवानगीचं) पुस्तक आणि शिफ्टचं लॉगबुक ताबडतोब जप्त करावं, अशी मागणी नावानिशी करा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. मागितलं होतं आणि घेतलं नाही, हे पुढे दाखवता यायला हवं.

सहकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये पुष्कळ काही असतं. मेंटेनन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘साहेब, व्हॉल्व्ह गळतोय’ असा तीन आठवड्यांपूर्वीचा संदेश असेल तर तो पुसू नका आणि नुसता स्क्रीनशॉट घेऊन थांबू नका. मूळ फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून करून घ्या. जखमी कामगार बोलण्याच्या स्थितीत असतील तर त्यांचे जबाब दवाखान्यातच नोंदवले जातील असं बघा. बरे होऊन कामावर गेल्यावर तोच माणूस गप्प होतो. त्याचंही पोट आहे, त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

फिर्याद लिहिताना

घाईत लिहिलेली फिर्याद अशी असते: ‘माझा मुलगा काम करताना टाकीत पडून मयत झाला.’ या वाक्यात गुन्हाच नाही. पडला, एवढंच आहे. फिर्यादीत कंपनीने काय केलं आणि काय करायचं टाळलं, हे यायला हवं. टाकीच्या प्रकरणात मजकूर साधारण असा असावा:

‘कंपनीच्या व्यवस्थापनाने टाकीतील वायूची तपासणी न करता, सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र न घेता, श्वसनयंत्र, कमरेचा पट्टा व दोर न पुरवता आणि टाकीबाहेर देखरेखीला माणूस न ठेवता माझ्या मुलाला आत उतरवले. याच टाकीत यापूर्वीही कामगारांना त्रास झाला होता व ते व्यवस्थापनाला कळवले होते, असे त्याच्या सहकाऱ्यांनी मला सांगितले आहे. कंपनी, कारखान्याचे भोगवटादार संचालक, फॅक्टरी मॅनेजर, ठेकेदार आणि तपासात निष्पन्न होणारे इतर जबाबदार अधिकारी यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.’

भोगवटादार म्हणजे कोण, ते पुढे सांगितलं आहे. जेवढं खरं आहे तेवढंच लिहा. ऐकीव गोष्ट ‘अमक्याकडून कळलं’ अशीच नोंदवा. एक खोटं वाक्य सापडलं की बचावाचा वकील बाकी सगळ्यावर पाणी फिरवतो.

या मजकुरातल्या गोष्टी मनाने घातलेल्या नाहीत. बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याबद्दल १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ (हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) हेच सांगत होतं: एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन दिलेलं लेखी प्रमाणपत्र, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा, ज्याचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. फिरत्या यंत्रभागांवर गार्ड, दाबाखाली चालणारी यंत्रं, स्फोटक धूळ आणि वायू, आगीच्या वेळी बाहेर पडायचे मार्ग, प्रत्येकासाठी असंच स्वतंत्र कलम होतं. आपल्या अपघाताला लागू पडणारा नियम शोधून त्याचीच भाषा फिर्यादीत आणली तर पोलिसांना आणि न्यायाधीशांना मोजपट्टी मिळते. सांडपाण्याच्या टाकीत किंवा गटारात मृत्यू झाला असेल तर २०१३ चा हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायदाही लावायला सांगा. त्यात कंपन्यांच्या जबाबदारीचं स्वतंत्र कलम आहे, आणि गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे.

आता एक खाचखळगा. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करू शकतात, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३) म्हणतं. १०६(१) ची शिक्षा पाच वर्षं, म्हणजे ते या खिडकीत बसतं. ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर आलं तर परवानगी कोणत्या तारखेची आहे ते विचारा आणि १४ दिवस मोजा. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालय असेल तिथे संबंधित वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा, आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

आरोपी कोण? खालून वर की वरून खाली

मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ जण गेले. पहिल्या नऊ अटकांत तिकीट देणारे कारकून आणि सुरक्षा रक्षक होते, दुरुस्तीचे उपठेकेदार होते, कंपनीचे मॅनेजर होते. पूल चालवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक शरण आले ते जानेवारी २०२३ च्या शेवटी. देश हादरवणाऱ्या घटनेत हे घडतं, तर औद्योगिक वसाहतीतल्या एका मृत्यूत तपास सुपरवायझरच्या वर जाणारच नाही, हे धरून चाला. तो वर न्यायचा तर नावं तुम्हालाच पुरवावी लागतील.

कारखान्याच्या परवान्यावर आणि नोंदणीच्या अर्जावर भोगवटादाराचं नाव असतं. कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती म्हणजे भोगवटादार, आणि कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच एक असावा लागतो. पूर्वी कंपन्या एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून पुढे करत आणि संचालक नामानिराळे राहत. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता बंद केला. म्हणून कारखान्यांच्या सुरक्षा कायद्याखाली वरच्या खुर्चीतला किमान एक माणूस कायद्यानेच बांधलेला आहे.

कंपनीच्या सध्याच्या संचालकांची यादी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अपघाताच्या तारखेला कोण होतं, ते तपासा. राजीनामे मागून येतात. ठेकेदाराचा करारनामा मागवा, कारण ‘तो आमचा कामगारच नव्हता’ हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं. कामाची जागा, टाकी आणि वीज कंपनीची होती आणि काम कंपनीच्याच माणसाच्या सांगण्यावरून चाललं होतं, हे दाखवलं की त्या वाक्यातला जोर जातो.

कागद

इथे सर्वाधिक वेळ घालवा. माझ्या मते अशा खटल्याचं नशीब या पायरीवर ठरतं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्या कारखान्याची फाइल असते. तिच्यात मंजूर नकाशे असतात, आधीच्या तपासण्यांचे शेरे, बजावलेल्या नोटिसा, कंपनीची उत्तरं, जुन्या अपघातांच्या सूचना. यासाठी माहितीचा अधिकार वापरा आणि अर्ज नेमका लिहा: अमुक कारखाना, गेल्या पाच वर्षांतले तपासणी अहवाल, दिलेल्या सूचना आणि त्यांच्या पूर्ततेचे अहवाल. ‘तपास चालू आहे’ म्हणून नकार येऊ शकतो. पण अपघाताच्या आधीचे कागद दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे त्यांनी सांगायला हवं, आणि त्यावर अपील करता येतं. अग्निशमन विभागाचा दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, बॉयलर असेल तर त्याचा दाखला, इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, हे त्या त्या कार्यालयातून.

कंपनीच्या आतले कागद पोलिसांनीच मिळवायचे असतात. कोणते, ते तुम्ही सांगा. सुरक्षा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, सुरक्षा अधिकाऱ्याने वर पाठवलेली पत्रं, देखभालीच्या खर्चाच्या मागण्या आणि त्यांवरचे शेरे, बाहेरच्या तज्ज्ञांचा सेफ्टी ऑडिट अहवाल, विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा अहवाल. शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात, आणि विम्यासाठी आलेल्या माणसाने धोका स्वच्छ शब्दांत लिहिलेला असू शकतो. उत्पादन थांबवायला नको म्हणून दुरुस्ती पुढे ढकलल्याचा एखादा ईमेल मिळाला तर तो दहा साक्षीदारांपेक्षा जड आहे.

कागद असूनही कायदा तोकडा पडला तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून बेल्जियमच्या बंदरातून निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे दाखवणारे दिवे बसवा, अशी मागणी कप्तानांनी आधीच व्यवस्थापनाकडे केली होती आणि ती झिडकारली गेली होती. तरीही कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला कोसळला, कारण वरच्या एका ठरावीक माणसाचा पूर्ण दोष दाखवल्याशिवाय कंपनी दोषी ठरत नव्हती. अनेकांच्या हयगयीची बेरीज करता येत नव्हती. अशा अपयशांनंतर तिथे २००७ चा कंपनी मनुष्यवध कायदा आला, ६ एप्रिल २००८ पासून लागू झाला. त्यात वरिष्ठ व्यवस्थापनाने काम कसं आखलं आणि चालवलं याकडे पाहिलं जातं आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र गुन्हा नाही. तो असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. तोवर एकेका माणसापर्यंत कागदाने पोहोचणं एवढाच मार्ग आहे.

‘कामगाराचीच चूक’

हा बचाव येणारच. त्याला कायद्याचा भक्कम आधार आहे, म्हणून तो नीट समजून घ्या.

२० एप्रिल १९६२ रोजी मुंबईतल्या रंग-वार्निशच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. ज्या खोलीत वार्निश आणि टर्पेंटाइन साठवलं होतं तिथेच बर्नर पेटवलेले होते. तापलेल्या डांबरात एका कामगाराने टर्पेंटाइन घाईने ओतलं, फेस उतू गेला आणि आग पसरली. मॅनेजरला ३०४-अ खाली शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने कुर्बान हुसेन प्रकरणात १९६५ मध्ये ती रद्द केली. मॅनेजरची हयगय होती, पण मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण ओतणाऱ्याची घाई होती, असं न्यायालयाने म्हटलं. फक्त आगीबाबतच्या हयगयीची शिक्षा राहिली. बचावाचे वकील हा निकाल आजही पुढे करतात.

त्याला उत्तर द्यायचं तर कामगाराची ती कृती कारखान्याच्या रोजच्या पद्धतीचाच भाग होती, हे दाखवावं लागतं. गार्ड काढून यंत्र चालवणं हा एकट्याचा आगाऊपणा होता, की उत्पादनाचा आकडा गाठायला सगळ्याच पाळ्यांत तसं चालायचं आणि साहेब रोज बघत होते? प्रशिक्षण दिल्याच्या रजिस्टरवर सह्या आहेत, पण ते कोणत्या भाषेत दिलं? बिहार-ओडिशातून आलेल्या मुलाला इंग्रजीतला फलक दाखवून भागत नाही. इतर पाळ्यांतल्या कामगारांचे, काम सोडून गेलेल्यांचे जबाब इथे उपयोगी पडतात. जुन्या कामगाराला कंपनीचा धाक नसतो. आणि माणूस चुकेल हे गृहीत धरूनच गार्ड, इंटरलॉक आणि परमिटची पद्धत असते, हे तज्ज्ञ साक्षीदाराकडून न्यायालयात वदवून घ्यायला सरकारी वकिलांना सांगा.

१०५ की १०६?

संतापात प्रत्येकाला वाटतं, मोठंच कलम लागलं पाहिजे. १०५ लागलं तर जामीन सहज मिळत नाही आणि खटला सत्र न्यायालयात जातो. सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची नवी तरतूदही १०५ ला लागू पडते, १०६ ला नाही. पण १०५ साठी ‘माहीत होतं’ हे सिद्ध करावं लागतं.

भोपाळचा धडा इथे आठवावा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर आरोपींवर जुन्या दंड संहितेतलं ३०४ भाग दोन (आजच्या १०५ मधला ‘माहीत असून’चा सदोष मनुष्यवध) लावलं होतं. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते काढून ३०४-अ ठेवलं. त्या रात्री कारखाना चालवल्याने माणसं मरतील हे आरोपींना माहीत होतं, असं दाखवणारं साहित्य समोर नाही, हे कारण. ७ जून २०१० रोजी निकाल लागला: जिवंत असलेल्या सात दोषींना दोन वर्षं आणि लाखभर रुपये दंड, युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीला सुमारे पाच लाख दंड. त्यानंतर सीबीआय वरचं कलम परत लावायला सर्वोच्च न्यायालयात गेली. ११ मे २०११ रोजी अर्ज फेटाळताना न्यायालयाने म्हटलं की सुमारे चौदा वर्षांच्या विलंबाचं समाधानकारक कारण दिलेलं नाही, आणि हेही सांगितलं की खटल्यात नवा पुरावा आला असता तर वरचं कलम लावायला १९९६ चा निकाल आड येत नव्हता.

यातून करायचं काय? आधीचा तसाच अपघात, बजावलेली नोटीस, सुरक्षा अधिकाऱ्याचं पत्र यांपैकी काही हातात असेल तर १०५ चा आग्रह धरा आणि कागद फिर्यादीलाच जोडा. नसेल तर १०६ वर गुन्हा घ्या, आणि साक्षीपुराव्यात ‘माहीत होतं’ असं पुढे आलं की लगेच दोषारोप बदलण्याचा अर्ज (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २३९) करा. वगळलेल्या संचालकाविरुद्ध पुरावा आला तर त्याच संहितेच्या कलम ३५८ खाली त्याला आरोपी करता येतं. निकाल लागल्यावर हे दरवाजे बंद होतात.

सुरक्षा कायद्याखालचा दुसरा खटला

पोलिसांच्या गुन्ह्याखेरीज कारखान्यांच्या सुरक्षा कायद्याखाली वेगळा खटला होतो, आणि तो संचालनालयाचा निरीक्षक दाखल करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कामकाजाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. तिच्यात कलम १०३ प्रमाणे नियमभंगातून मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं. जुन्या कायद्यात अशा मृत्यूला दंड किमान २५ हजार आणि कमाल एक लाख होता. अपघाताची तारीख पाहून कोणता कायदा लागतो ते ठरतं.

मुदत सांभाळा. जुन्या कायद्यात निरीक्षकाला अपघात कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली नाही तर खटलाच बुडायचा, आणि नव्या संहितेतही मुदतीचं बंधन आहे. संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात पहिल्याच आठवड्यात लेखी निवेदन द्या आणि दर पंधरवड्याला चौकशी करा. कंपनीचे वकील असंही म्हणतात की विशेष कायद्याखाली खटला असताना पोलिसांचा गुन्हा चालू शकत नाही, आणि काही उच्च न्यायालयांनी ते उचलूनही धरलं आहे. म्हणून पोलिसांच्या प्रकरणात नियमभंगापलीकडची निष्काळजी स्पष्ट मांडलेली हवी.

पैसे

भरपाई हा वारसांचा हक्क आहे. ती घेतली म्हणून फौजदारी खटला संपत नाही. १०६ आणि १०५ हे आपसात मिटवता येणारे गुन्हे नाहीत. कंपनी जो कागद पुढे करते त्यात ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं वाक्य असतं, आणि तोच कागद घेऊन ती गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जाते. पैसे घ्या, पावती द्या, ते वाक्य मात्र खोडा. कोऱ्या कागदावर सही नको. ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) आश्रितांचं निवृत्तिवेतन किंवा कायद्याने ठरलेली नुकसानभरपाई ही कंपनीची मेहेरबानी नाही, तिच्या बदल्यात काही द्यायचं नसतं. घरात कर्ता माणूस उरलेला नसताना तडजोडीचा दबाव प्रचंड असतो आणि कोणी सही केली तर त्या घराला नावं ठेवू नका. युनियनने पहिले तीन महिने किराणा आणि फी यांची सोय केली तर सही थांबते.

न्यायालयात

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तर दंडाधिकाऱ्यांकडून तुम्हाला नोटीस येते, तेव्हा विरोध अर्ज करा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर तुमचा वकील असेल तर त्याची प्रत तुम्हालाही मिळते. ती वाचून कंपनीचं नाव आरोपींत आहे का ते पहिल्यांदा बघा. सरकारी वकिलांना मदत करायला स्वतःचा वकील न्यायालयाच्या परवानगीने देता येतो.

आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची प्रमाणित प्रत स्वतःकडे ठेवा. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जण गुदमरून गेले. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना करून खटला लढवला. चित्रपटगृहावर मालक बंधूंचं नियंत्रण होतं हे दाखवणारे कागद, म्हणजे बैठकांच्या नोंदी, धनादेश, हे न्यायालयाच्याच फाइलमधून गायब झाले, फाटले, त्यांवर शाई सांडली. त्या छेडछाडीचा वेगळा खटला चालला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मालक बंधू आणि न्यायालयाचा एक माजी कर्मचारी दोषी ठरले. मूळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंधूंची दोषसिद्धी कायम ठेवली होती, आणि २०१५ मध्ये प्रत्येकी ३० कोटी रुपये भरायला सांगितले होते.

आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई तोकडी दिली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकाखाली पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकार अपील करेल म्हणून थांबू नका. निकालाची प्रमाणित प्रत मिळावी म्हणून त्याच दिवशी अर्ज करा. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून चालू होते, आणि प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात ते अर्ज केला असेल तरच.